आधी मेडिकल, मग पाटल्या!

सोलापूरला समुद्र नाही. आपला समुद्र म्हणजे सिद्धेश्वर तलाव, आणि फार तर उजनीचे धरण. तरीही समुद्राशी आपले नाते अगदीच नाही असे म्हणता येणार नाही. याच गावात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली मुंबई बंदरातून बोटीने चीनला गेले आणि तिकडच्या जखमी सैनिकांची शुश्रूषा करता करता तिथलेच होऊन राहिले. त्याच्याही पंचवीस वर्षे आधी, १९१३ साली, परमपूज्य बाबासाहेब बोटीनेच सातासमुद्रापार न्यूयॉर्कला शिकायला गेले होते.

आता आपली मुले बोटीवर जाऊ पाहत आहेत, शिकायला नव्हे तर नोकरीला. एस. टी. स्टँडच्या भिंतीवर, शिकवणी वर्गाच्या दारात, आणि आता मुलांच्या हातातल्या मोबाईलवर जाहिरात असतेच : ‘मर्चंट नेव्हीत भरती, दहावी-बारावी पास, पगार डॉलरमध्ये.’ गिरण्या बंद पडल्या, यंत्रमागावर पोट भरत नाही, सरकारी नोकरभरती कधी निघेल याचा नेम नाही. अशा वेळी दहावी झालेल्या पोराला डॉलरचे स्वप्न पडले तर त्यात त्याचा काय दोष? आम्ही तर म्हणतो, जरूर जावे. पण या वाटेवर एक दार आहे आणि त्याविषयी जाहिरातीत अवाक्षर नसते. ते दार म्हणजे वैद्यकीय तपासणी, बोलीभाषेत ‘मेडिकल’.

हा शब्द आपल्या समाजाला नवा नाही. सुभेदार रामजींच्या काळापासून आपली माणसे पलटणीत भरती होत आली. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हाही छाती, उंची, डोळे तपासूनच जवान घेतले गेले. आजही मैदानावर धावण्यात पहिला आलेला मुलगा ‘मेडिकलला बाद झाला’ असे आपण ऐकतो. पण भरतीत बाद झालेल्या पोराचा खर्च फार तर गाडीभाड्याचा. बोटीच्या नोकरीत बाद होणारा पोरगा कित्येकदा घराला कर्जात टाकून मग बाद होतो. आमचे सारे सांगणे या एका गोष्टीसाठी आहे.

एक उदाहरण सांगतो. नाव-गाव सांगण्याचे कारण नाही. आमच्या ओळखीचे कुटुंब, वडील महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त, आई विड्या वळते. मुलगा हुशार, अंगापिंडाने धडधाकट. एका प्रशिक्षण संस्थेच्या माणसाने घरी येऊन सांगितले, सहा महिन्यांचा कोर्स केला की मुलगा बोटीवर. मेडिकलचे काय, असे वडिलांनी विचारले. ‘ते नंतर बघू, किरकोळ असतं,’ असे उत्तर मिळाले. आईने पाटल्या मोडल्या, उरलेले पतपेढीतून काढले. पैसे भरून झाल्यावर मुलाला मुंबईला तपासणीसाठी नेले. डॉक्टरांनी त्याच्यापुढे रंगीत ठिपक्यांचे पुस्तक धरले. पहिल्या पानावरचा बारा आकडा त्याने धडाधड वाचला. पुढच्या पानांवर त्याला नुसते ठिपकेच दिसू लागले.

मुलाला लाल-हिरव्या रंगातला फरक नीट कळत नव्हता. अठरा वर्षांत हे कोणाच्याही ध्यानात आले नव्हते! कसे येणार? पेरू पिकला की नाही हे तो हाताने दाबून बघायचा, सिग्नलचा दिवा वरचा की खालचा यावरून ओळखायचा. लहानपणी पंचशील ध्वज रंगवताना तांबड्या आणि नारिंगी पट्ट्यांत गोंधळ करायचा, तेव्हा बाईंनी ‘धांदरट’ म्हणून सोडून दिले होते. ज्याला जन्मापासून असेच दिसते त्याला आपल्याला वेगळे दिसते हे समजणार तरी कसे?

ते ठिपक्यांचे पुस्तक शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरांनी तयार केले. ते १९१७ साली प्रसिद्ध झाले आणि आज शंभरावर वर्षे उलटली तरी जगभर तेच चालते. पहिला बारा आकडा मुद्दाम असा केलेला आहे की तो सर्वांना वाचता यावा. जो तोही दिसत नाही म्हणतो, तो बतावणी करतो असे डॉक्टर समजतात.

कोणी म्हणेल, रंग ओळखण्याचे एवढे काय अवडंबर? बोट चालवायची की रांगोळी काढायची? परंतु रात्रीच्या अंधारात समोरून येणारे जहाज दिसत नाही, दिसतात फक्त त्याचे दिवे. डाव्या बाजूला तांबडा, उजव्या बाजूला हिरवा. तांबडा दिसतो की हिरवा, यावरून ते जहाज कोणत्या दिशेला चालले आहे आणि आपण वळायचे की सरळ जायचे हे ठरते. तिथे चूक झाली तर वीस-पंचवीस माणसांचे प्राण आणि हजारो टन माल समुद्राच्या तळाशी. रंगांची तपासणी आधी रेल्वेत सुरू झाली. १८७५ साली स्वीडनमध्ये लागरलुंडा येथे दोन गाड्यांची टक्कर झाली. रेल्वेच्या माणसाला सिग्नलचा रंग कळला नसावा, असा संशय होल्मग्रेन नावाच्या शास्त्रज्ञाने घेतला आणि रंगीत लोकरीच्या गुंड्या वेगळ्या करायला लावून कर्मचाऱ्यांची परीक्षा सुरू केली. यंत्रघरातसुद्धा तारांचे, नळांचे आणि धोक्याच्या दिव्यांचे रंग ओळखावे लागतात, म्हणून तिथेही हाच नियम आहे.

आता त्या घराची गोष्ट पुढे सांगतो, कारण खरा त्रास त्यानंतर झाला. आजी सुनेवर घसरली. ‘तुझ्या माहेरचं हे! तुझा भाऊ असाच रंगआंधळा.’ ती माऊली आठ दिवस जेवली नाही. पैसे गेले, पाटल्या गेल्या आणि वर हा ठपका.

माता-भगिनींनो, इथे शास्त्र काय सांगते ते नीट समजून घ्या. हा दोष बहुधा आईकडून मुलाकडे येतो हे खरे आहे. बाईच्या शरीरात एक्स नावाची दोन गुणसूत्रे असतात, पुरुषाच्या शरीरात एकच. दोष या एक्स गुणसूत्रावर बसलेला असतो. बाईच्या एका गुणसूत्रात दोष असला तरी दुसरे चांगले असल्याने तिला स्वतःला रंग नीट दिसतात. मुलाला मात्र आईकडून एकच एक्स मिळते. ते सदोष असेल तर त्याला दोष येतो, चांगले असेल तर येत नाही. म्हणजे अशा आईच्या प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. रंगआंधळा बाप हा दोष मुलाला देत नाही, पण त्याच्या प्रत्येक मुलीकडे तो जातो आणि तिला न कळत तिच्या मुलांपर्यंत पोहोचू शकतो. म्हणून आईचे वडील किंवा मामा यांना रंगांचा गोंधळ होत असेल, तर भाच्याचे डोळे लवकर तपासावेत. युरोपीय वंशाच्या पुरुषांत शंभरात आठ जणांना हे असते, आपल्याकडे प्रमाण त्याहून कमी आहे.

यात त्या माऊलीने काय केले? तिला हे तिच्या बापाकडून किंवा आईकडून आले, त्यांना त्यांच्या आईबापांकडून. पूर्वजन्मीचे पाप नाही, कोणाची नजर नाही, सुनेचा पायगुण नाही. कारण असते तसे कार्य घडते, हे तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवले. आम्ही त्या आजीला हेच समजावले. पहिल्या दिवशी तिने ऐकून घेतले नाही. दुसऱ्या दिवशी आम्हीच चहाला थांबलो नाही. तिसऱ्या दिवशी तिने स्वतः सुनेला ताट वाढले, असे नंतर कळले.

पैशाचे म्हणाल तर त्या घरातील वडिलांनी एक शहाणपणा केला होता. प्रत्येक रकमेची पावती घेऊन ती पत्र्याच्या पेटीत ठेवली होती. जन्मभर हिशेब लिहिणाऱ्या आमच्यासारख्याला पावतीचे मोल वेगळे सांगायला नको. त्या पावत्या जोडून पत्रे धाडली, दोनदा जाऊन बसलो, तेव्हा निम्म्याहून थोडी अधिक रक्कम परत मिळाली. ज्यांनी रोख दिले आणि पावती मागितली नाही त्यांना काय मिळते हेही आम्ही पाहिले आहे. तो मुलगा आता औषधनिर्माणशास्त्राची पदविका करतो आहे.

यातून तरणोपाय अगदी स्वस्त आहे. पैसा भरण्याआधी, आणि शक्य तर दहावीच्या सुट्टीतच, मुलाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या आणि ‘रंगांची तपासणी करा’ असे स्पष्ट सांगा. नुसता चष्म्याचा नंबर काढला तर रंगदोष कळत नाही. आपल्या सिव्हिलच्या नेत्रविभागात किंवा कोणत्याही नेत्रतज्ज्ञाकडे हे पाच मिनिटांचे काम आहे. रक्तदाब, कान, हर्निया, दात, छातीचा फोटो, लघवीतील साखर हेही आधीच बघून घ्यावे. हर्नियासारखी गोष्ट शस्त्रक्रियेने दुरुस्त होते आणि मुलगा पुन्हा तपासणीला उभा राहू शकतो. रंगदोष मात्र औषधाने किंवा चष्म्याने जात नाही. ‘रंगांचा चष्मा देतो, पास करून देतो’ म्हणणारा भेटला तर त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका.

इथली तपासणी ही आपल्या समाधानासाठी. खरे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार नौवहन महासंचालनालयाने, म्हणजे ‘डीजी शिपिंग’ने, मान्यता दिलेल्या डॉक्टरांनाच आहे. हे कार्यालय मुंबईत कांजूरमार्गला आहे. मान्य डॉक्टरांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर सर्वांना पाहता येते. यादीत नसलेल्या डॉक्टरचा दाखला, मग तो कितीही मोठ्या इस्पितळाचा का असेना, बोटीच्या कामाला चालत नाही. १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्याखाली वैद्यकीय तपासणीचे नियम २००० साली झाले. २०२५ साली संसदेने नवा व्यापारी नौवहन कायदा संमत केला आहे. तेव्हा नियमांचा ताजा मजकूर बघूनच पाऊल टाकावे. कोणाच्या जुन्या झेरॉक्सवर विसंबू नये. नजर किती हवी, चष्मा चालतो की नाही, हे डेक आणि इंजिन या दोन विभागांना वेगवेगळे असते. स्वयंपाकघर आणि सेवेच्या कामाला डोळ्यांचे नियम तुलनेने सैल आहेत. हे सारे मान्य डॉक्टरलाच विचारावे. एजंटला नव्हे.

आणखी एक गैरसमज आपल्यात फार आहे. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. त्यासाठी किती मोर्चे निघाले हे जुन्या पिढीला आठवत असेल. इंडियन मेरीटाईम युनिव्हर्सिटी हे २००८ साली स्थापन झालेले केंद्रीय विद्यापीठ आहे. तिथे अनुसूचित जातींच्या जागा राखीव आहेत आणि त्यांचा लाभ आपल्या मुलांनी हक्काने घ्यावा. पण सवलत जागेत मिळते, डोळ्यात मिळत नाही. ‘आमच्या मुलाला कॅटेगरीतून मेडिकलमध्ये सूट मिळेल का?’ असे एका पालकाने आम्हाला विचारले होते. समोरून येणाऱ्या जहाजाचा दिवा जात विचारून लागत नाही, एवढेच आम्ही म्हणालो.

मुलींविषयीही लिहायला हवे. मुलींमध्ये रंगदोष फारच क्वचित असतो, हे वरच्या हिशेबावरून ध्यानात आले असेल. कॅप्टन राधिका मेनन यांनी २०१५ साली बंगालच्या उपसागरात वादळात सापडलेल्या सात मच्छीमारांना वाचवले आणि २०१६ साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचे शौर्यपदक मिळवले. तेव्हा ‘पोरीची जात, बोटीवर कशी जाणार?’ हा प्रश्न आता कोणी विचारू नये. आम्ही वर सांगितलेल्या मुलाच्या धाकट्या बहिणीने सिव्हिलमध्ये सारी पाने न अडखळता वाचली. तिचे पुढे काय ते ती ठरवेल.

आता ज्यांचे मालक किंवा मुलगे आधीच बोटीवर आहेत त्यांच्यासाठी. हे प्रमाणपत्र जन्माचे नसते. सर्वसाधारणपणे दोन वर्षे चालते, अठरा वर्षांखालील मुलाला एकच वर्ष. रंगदृष्टीचा भाग जास्तीत जास्त सहा वर्षे. भर समुद्रात मुदत संपली तर डॉक्टर मिळेल अशा पुढच्या बंदरापर्यंत ते चालते, मात्र तीन महिन्यांहून अधिक नाही. तेव्हा माणूस सुट्टीवर घरी येतो तो काळ नुसता मटण-भाकरीचा नाही. बोटीवर नऊ महिने जागरण, तेलकट जेवण, सिगारेट. घरी आल्यावर रोज पाहुणचार. आणि जाण्याच्या चार दिवस आधी धावपळ करून रक्तदाबाच्या गोळ्या! असे किती तरी जण चाळिशीनंतर अडकतात. घरातल्या बाईने पहिल्याच आठवड्यात साखर आणि रक्तदाब तपासून घ्यायला लावला, तर निवांतपणे औषध, पथ्य, चालणे करता येते.

तपासणीच्या वेळी एक इंग्रजी फॉर्म भरून सही करावी लागते. पूर्वी फिट येत होती का, क्षय झाला होता का, दमा आहे का, कोणती औषधे चालू आहेत, असे प्रश्न त्यात असतात. आपली मुले न वाचता सगळीकडे ‘नो’ लिहून मोकळी होतात, एजंटही तसेच शिकवतो. हे घातक आहे. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००६ साली सागरी श्रम करार केला, भारताने तो २०१५ साली स्वीकारला. कामावर असताना खलाशी आजारी पडला तर औषधोपचार आणि पगार मालकाने द्यावा असे त्यात आहे. ही जबाबदारी मर्यादित करायची झाली तरी ती सोळा आठवड्यांच्या खाली आणता येत नाही. कामगाराच्या आजारपणाचा भार एकट्या त्याच्या घरावर पडू नये, हा विचार आपल्याला परका नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, त्याच काळात, १९४४ साली, प्रा. अदारकर यांचा कामगार आरोग्य विम्याचा अहवाल आला. पण त्या सागरी करारात एक मेख आहे. नोकरी धरताना जो आजार जाणूनबुजून लपवला, त्याची जबाबदारी मालकावर राहत नाही. म्हणजे सहीसाठी लपवलेला दमा पुढे इस्पितळाच्या बिलाच्या रूपाने बायकोच्या पदरात पडतो. शिवाय बहुतेक मालवाहू जहाजांवर डॉक्टर नसतोच. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आणि तीन दिवसांहून लांब आंतरराष्ट्रीय सफरीच्या जहाजावरच तो सक्तीचा आहे. बाकी ठिकाणी एखादा अधिकारी किनाऱ्यावरच्या डॉक्टरला विचारून गोळी देणार.

‘अनफिट’ शिक्का बसला म्हणून सारे संपले असेही नाही. त्याच करारानुसार नाकारलेल्या माणसाला दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरकडून किंवा नेमलेल्या पंचाकडून फेरतपासणी मागण्याचा हक्क आहे. तो लेखी मागावा आणि नाकारण्याचे कारणही लेखी घ्यावे.

जातककथांत सुप्पारक नावाच्या तांडेलाची कथा आहे. भरुकच्छ म्हणजे आजचे भडोच, तिथला हा जाणता कप्तान. खाऱ्या पाण्याने त्याचे डोळे गेले. मग तो राजाकडे वस्तूंची पारख करू लागला. हत्ती, घोडा, वस्त्र हाताने चाचपून त्यातले व्यंग सांगायचा, आणि राजा दर वेळी त्याला आठ नाणी टेकवायचा. कंटाळून तो घरी आला, तेव्हा सातशे व्यापाऱ्यांनी त्या अंध माणसालाच आपल्या जहाजाचा कप्तान केले आणि त्याने ते भरकटलेले जहाज सुखरूप परत आणले. कथा म्हणून ती वाचावी. आम्हाला त्यात दोन गोष्टी दिसतात. एक, समुद्राचे काम डोळे खाते हे तेव्हाही ठाऊक होते. दुसरी, डोळे गेल्यावर त्या गुणी माणसाला आठ नाण्यांवर दिवस काढावे लागले. आज पन्नाशीत अनफिट झालेल्या खलाशाची गत याहून फार निराळी आहे का? युनियनच्या करारात अशा माणसाला भरपाईची तरतूद असते का, किती असते, हे नोकरी चालू असतानाच वाचून ठेवावे.

राहिली पैशाची बाब. मान्यताप्राप्त संस्थेची शिकवणी फी वेगळी, ती पावतीने भरावी. पण नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसा घेणे बेकायदा आहे. खलाशाने स्वतः सोसायचा खर्च तीनच बाबींचा : वैद्यकीय प्रमाणपत्र, सीडीसी म्हणजे खलाशी पुस्तिका, आणि पासपोर्ट. व्हिसाचा खर्चसुद्धा मालकाचा. नोकरी देणाऱ्या कंपनीकडे डीजी शिपिंगचा आरपीएसएल परवाना हवा, त्याचा क्रमांक मागून संकेतस्थळावर पडताळावा. आणि जी संस्था ‘मेडिकल नंतर बघू’ म्हणते तिच्या पायरीवरूनच मागे फिरावे, कारण चांगल्या संस्था आधी मेडिकल मागतात आणि मग प्रवेश देतात.

आमच्या वस्तीतील विहाराच्या फलकावर मान्य डॉक्टरांच्या यादीची छापील प्रत आम्ही लावली आहे. दर तीन महिन्यांनी ती बदलतो. रविवारी वंदनेनंतर कोणी फॉर्म घेऊन आले तर तासभर बसून तो मराठीत समजावून सांगू. येताना मुलाबरोबर आईलाही आणावे, आणि मामाविषयी विचारले तर रागावू नये.